पट्टी थांबते म्हणून चित्र हलतं

दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यावर मोठे चित्रपट काढण्याच्या घोषणा मध्यंतरी झाल्या आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर जुना वाद पुन्हा उकरला गेला. सिनेमाचा शोध लावला कोणी? कुणी अमेरिकेचा एडिसन म्हणालं, कुणी फ्रान्सचे लुमिएर बंधू. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दादासाहेब तोरण्यांचं नाव काढलं, तेव्हा फाळक्यांना मानणारी मंडळी दुखावली. दोन दिवस हे चाललं. नववीतली माझी भाची तो सगळा मजकूर वाचून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, यातलं खरं कोणतं धरायचं?"

त्या ग्रुपवर खोटं फारसं कुणी बोलत नव्हतं. जो तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. धावत्या गोष्टीचे फोटो आधी कुणी काढले, ते एका पट्टीवर कुणी आणले, पडद्यावर कुणी पाडले, तिकीट लावून कुणी दाखवले आणि त्यातून गोष्ट कुणी सांगितली, हे निरनिराळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाच्या उत्तरात वेगळा माणूस येतो. या सगळ्या माणसांना छळणारी अडचण मात्र बरीचशी एकच होती. ती समजली की इतिहास लक्षात ठेवावा लागत नाही, तो कळतो. म्हणून नावांच्या आधी आपण पट्टी बघू.

फूटभर पट्टी, सोळा चित्रं

काही वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून मी फिल्मचा एक तुकडा आणला होता. फूटभर लांब, 35 मिलिमीटर रुंद. तो भाचीच्या हातात दिला आणि खिडकीशी उजेडासमोर धरायला सांगितला. तिने चित्रं मोजली. बरोबर सोळा. एक बाई डोक्यावरचा पदर सावरते आहे. पहिल्या चित्रात हात खांद्याशी, सोळाव्यात कानाशी. लागोपाठच्या दोन चित्रांतला फरक मात्र शोधूनही सापडत नाही. एका कडेने आवाजाची बारीक नागमोडी रेघ गेलेली, आणि दोन्ही कडांना भोकं. एका चित्रामागे डावीकडे चार, उजवीकडे चार. म्हणजे एवढ्याशा तुकड्यात 128 भोकं.

मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रं दाखवत. म्हणजे एक फूट पट्टी म्हणजे एक सेकंद, आणि हजार फुटांचं रीळ सोळा-सतरा मिनिटांचं. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रं असा दंडक ठरला. त्या हिशेबाने माझ्याकडच्या बाईचं पदर सावरणं एका सेकंदाचंही नाही.

भाचीने मग कुणीही करेल तेच केलं. पट्टी डोळ्यांसमोरून झरकन ओढली. "हलत नाहीये. सगळं नुसतं फरफटल्यासारखं दिसतंय."

सिनेमाचं सगळं कोडं या एका वाक्यात आहे. पट्टी नुसती पळवली तर चित्र हलत नाही, फरफटतं. चित्र समोर यायला हवं, तिथे गप्प उभं राहायला हवं, डोळ्याने ते बघायला हवं, आणि पुढचं चित्र सरकत असताना मध्ये अंधार हवा, म्हणजे ते सरकणं दिसणार नाही. हे सगळं सेकंदात सोळा वेळा, पट्टी न फाटता. चित्रं पळवणं सोपं होतं. ती थांबवणं अवघड होतं, आणि त्यात माणसांची आयुष्यं गेली.

आधी घोडा, मग बंदूक

पहिली अडचण फोटोचीच होती. कॅमेऱ्यासमोर माणसाला मान आवळून बसवावं लागायचं, तो काळ. धावत्या घोड्याचा फोटो कसा काढणार? कॅलिफोर्नियातले धनाढ्य रेल्वेवाले लेलँड स्टॅनफर्ड यांना कळून घ्यायचं होतं की घोडा दौडताना त्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात का. हे काम त्यांनी एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला दिलं. जून 1878 मध्ये मायब्रिजने धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडले आणि वाटेत दोरे ताणले. घोडा दोरा तोडत जाई, तसतसा एकेक कॅमेरा उघडमीट करी. पाय सुटतात हे सिद्ध झालं, पण चित्रकार आजवर काढत आले तसे पुढेमागे फाकलेले असताना नाही. ते सुटतात पोटाखाली गोळा झालेले असताना.

पण बारा चित्रांना बारा कॅमेरे! घोडा वाटेवरून चालला म्हणून जमलं. आकाशातला पक्षी थोडाच दोरे तोडत जाणार? पॅरिसच्या एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाला पक्ष्यांचंच उड्डाण अभ्यासायचं होतं. त्याने 1882 मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. खांद्याला लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा. आतली गोल काच टप्प्याटप्प्याने फिरे आणि सेकंदाला बारा चित्रं उमटत. एका भिंगामागे चित्र घेणारी वस्तू सरकते, थांबते, पुन्हा सरकते, ही कल्पना इथे स्पष्ट दिसते. मारेला करमणुकीत रस नव्हता, हालचाल मोजण्यात होता. मला हा माणूस फार मोठा वाटतो, आणि त्या ग्रुपवर त्याचं नाव एकदाही आलं नाही.

पट्टी आली, आणि एक माणूस नाहीसा झाला

काचेवर फार चित्रं मावत नाहीत. हवी होती लांब, लवचीक, पारदर्शक अशी वस्तू. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनच्या कारखान्याने आधी कागदाची आणि 1889 पासून सेल्युलॉइडची गुंडाळी बाजारात आणली. सेल्युलॉइड म्हणजे सुरुवातीचं प्लास्टिक. पुढे त्याने काय अनर्थ केले ते खाली येईलच.

कागदाच्या गुंडाळीवरच लुई ल प्रॅन्स या फ्रेंच माणसाने ऑक्टोबर 1888 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एका बागेत घरची माणसं चालता-फिरताना टिपली. जेमतेम दोन सेकंदांचं दृश्य. एका भिंगाने, एका पट्टीवर घेतलेलं, आज टिकून राहिलेलं सर्वांत जुनं चलत्‌चित्र तेच मानतात. ते लोकांना दाखवायची वेळ आली नाही. सप्टेंबर 1890 मध्ये ल प्रॅन्स दिजाँहून पॅरिसच्या गाडीत बसला आणि त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. त्याचं काय झालं हे आजतागायत उलगडलेलं नाही.

तिकडे एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन या सहाय्यकाने पट्टीची रुंदी आणि एका चित्रामागे चार भोकं हे माप पक्कं केलं. माझ्या जुन्या बाजारच्या तुकड्यावरची भोकं त्याच मापाची आहेत. 1894 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला त्यांची पेटी लोकांसाठी खुली झाली. वरच्या फटीत डोळा लावायचा आणि आतलं चित्र एकट्याने बघायचं.

एकट्यानेच का? कारण चित्रं घेताना पट्टी थांबायची, पण या पेटीत दाखवताना ती अखंड पळायची. वर एक चकती फिरे, तिला बारीक फट. ती फट चित्रावर आली की क्षणभर उजेड डोळ्यात जाई. चित्र फरफटू नये म्हणून फट अगदी अरुंद ठेवावी लागे, त्यामुळे उजेड इतका थोडा मिळे की तो पडद्यापर्यंत पोचणंच शक्य नव्हतं. पडदा उजळायचा तर चित्राने दिव्यासमोर थांबायला हवं.

आईच्या शिलाई मशीनमध्ये सिनेमा

हे थांबणं लुई लुमिएरला सुचलं ते शिलाई मशीनवरून, असं सांगितलं जातं. मी भाचीला आईच्या जुन्या उषा मशीनपाशी नेलं आणि चाक हाताने सावकाश फिरवलं.

नीट बघा. सुई वर गेली की खालचे दात उचलले जातात, कापडाला धरून थोडं पुढे ढकलतात आणि खाली जातात. मग कापड थांबतं. तेवढ्यात सुई येते, टाका घालते, वर जाते. पुन्हा दात. आपल्याला टाके सलग पळताना दिसतात, पण कापड दर टाक्याला थांबलेलं असतं. ते थांबलं नाही तर सुई मोडेल.

लुमिएरच्या यंत्रात कापडाच्या जागी पट्टी आहे आणि दातांच्या जागी दोन नख्या. नख्या भोकांत शिरतात, पट्टी एक चित्रभर खाली ओढतात आणि बाहेर पडतात. पट्टी थांबते. सुईच्या जागी उजेड येतो. पट्टी सरकत असताना एक फिरती पाकळी उजेड अडवून धरते, तिला शटर म्हणतात. भोकं कशाला, याचं उत्तरही इथेच आहे. ती नसतील तर दर वेळी चित्र नेमकं त्याच जागी येणार नाही आणि पडद्यावर सगळं थरथरेल.

पुढे मोठी रिळं आली तेव्हा आणखी एक अडचण निघाली. रीळ अखंड फिरतं आणि पट्टी मात्र अडखळत चालते, मग ती फाटणार. तोडगा साधा होता. मध्ये पट्टीला थोडा ढिला वेढा सोडायचा. शिवताना दोऱ्याला ओढ बसू नये म्हणून मशीनची वरची कांडी दोरा सोडते आणि आवळते, जवळपास तसंच.

लुमिएरच्या पेटीची खरी मोठी गोष्ट म्हणजे तीच पेटी चित्र घेई, त्याची प्रत काढी आणि दिव्यासमोर ठेवली की दाखवी. हाताने फिरवायची, वीज लागत नव्हती. एडिसनचा कॅमेरा अवजड, विजेवर चालणारा, स्टुडिओत रोवलेला, त्यामुळे माणसांना त्याच्यासमोर यावं लागे. लुमिएरची पेटी उचलून कारखान्याच्या फाटकावर, स्टेशनवर, समुद्रकाठी नेता येई. 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसच्या एका कॅफेच्या तळघरात तिकीट लावून दहा छोटी चित्रं दाखवली गेली. पहिल्या खेळाला 33 माणसं होती.

"पण डोळ्यात चित्र रेंगाळतं म्हणूनच ते हलतं ना?"

शाळेत आपण दृष्टिसातत्य शिकलो. एक चित्र डोळ्यात क्षणभर रेंगाळतं, तेवढ्यात दुसरं येतं, म्हणून हालचाल दिसते. हे अनेक पुस्तकांत आहे, आणि ते अपुरं आहे.

दिवाळीत अंधारात फुलबाजी गोल फिरवली की उजेडाचं कडं दिसतं. हे रेंगाळणं. पण त्यात काय दिसतं? एक रेघ. फुलबाजी कुठल्या क्षणी कुठे आहे ते कळत नाही. चित्रं अशीच एकावर एक रेंगाळली असती तर पदर सावरणाऱ्या बाईला सोळा हात दिसले असते.

आता गणपतीत मंडळाच्या कमानीवरची माळ आठवा. दिवे जागचे हलत नाहीत. एक विझतो, शेजारचा लागतो, आणि आपल्याला एकच ठिपका पळताना दिसतो. ही पळापळ मेंदू करतो. 1912 मध्ये मॅक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने दोन रेघा आलटून पालटून दाखवल्या. मधलं अंतर सुमारे 60 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साधारण सतरावा भाग ठेवलं की बघणाऱ्याला एकच रेघ सरकताना दिसे. मूकपटाच्या सेकंदाला सोळा चित्रांच्या अगदी जवळ आहे हे.

डोळ्याचं रेंगाळणं बिनकामाचं नाही. मधला अंधार आपल्याला जाणवत नाही त्यात त्याचा वाटा आहे. सोळा वेळच्या उघडझापीत पडदा लुकलुकतो, म्हणून नंतर शटरला दोन-तीन पाकळ्या बसवल्या आणि तेच चित्र दोन-तीनदा उजळवलं. लुकलुक थांबवणं हे एक काम, हालचाल दाखवणं हे दुसरं.

"मग लुमिएर पहिले, वाद मिटला"

मिटत नाही. बर्लिनला मॅक्स आणि एमिल स्क्लादानोव्स्की या भावांनी 1 नोव्हेंबर 1895 ला, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, तिकीट लावून पडद्यावर चलत्‌चित्रं दाखवली होती. दोन पट्ट्या आलटून पालटून चालवायच्या, एक सरकते तेव्हा दुसरी थांबलेली. खटाटोप मोठा होता, म्हणून ते यंत्र मागे पडलं. आणि त्याआधी 1892 पासून एमिल रेनो हाताने रंगवलेली चित्रं लांब पट्टीवरून पडद्यावर पाडून गोष्टी सांगत होताच. फोटो नव्हते, पण प्रेक्षक होते.

मी भाचीला सांगितलं की पहिल्या तारखेपेक्षा कुणाची पद्धत पुढच्यांनी उचलली ते बघ. तशी पाहिली तर डिक्सनची भोकं आणि लुमिएरचं थांबणं, दोन्ही शंभर वर्षं टिकली.

रेल्वे येताना बघून लोक खुर्च्या सोडून पळाले, ही कथा मात्र सोडून द्यावी. तिला त्या काळचा धड पुरावा नाही.

आपल्याकडे काय होतं?

लुमिएरची चित्रं मुंबईत 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. पॅरिसनंतर जेमतेम सहा महिन्यांनी! तिकीट एक रुपया.

पण आपला प्रेक्षक पडद्याला अनोळखी नव्हता. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन 1890 च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ करत होते. मॅजिक लँटर्नला त्यांनी काढलेलं हे नाव. हाताने रंगवलेल्या काचा, त्यामागे दिवे, आणि एका काचेवरून दुसऱ्या काचेवर सफाईने जात पडद्यावर उभी केलेली रामायणातली दृश्यं. त्या काचा पाहिल्या की कळतं, फाळक्यांचा प्रेक्षक कुणी घडवला होता.

वॉटसनच्या खेळांनी भारावून मुंबईचे छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. 1899 मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनवरची एक कुस्ती टिपली. डिसेंबर 1901 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत अव्वल आलेले र. पु. परांजपे परत आले, त्यांचं स्वागतही सावेदादांनी टिपलं. हेच रँग्लर परांजपे पुढे पुण्याच्या फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. फर्ग्युसन रस्त्याने रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत असेल की भारतातल्या अगदी सुरुवातीच्या बातमीपटांपैकी एक या माणसावर होता? त्याच सुमारास कोलकात्यात हिरालाल सेन नाटकांतली दृश्यं चित्रित करत होते.

पुण्याला कायमचं सिनेमागृह मिळालं ते 1915 मध्ये, मंडईजवळचं आर्यन. ते पाडलं गेलं, तिथल्या वाहनतळाला नाव तेवढं उरलं आहे.

"तोरणे आधी, मग फाळके जनक कसे?"

आमच्या काकांची तारीख बरोबर आहे. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' 18 मे 1912 ला मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लागला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच कॉरोनेशनमध्ये 3 मे 1913 ला. जवळपास एक वर्षाचं अंतर. आक्षेप असा घेतात की 'पुंडलिक' हे नाटकाचं चित्रण होतं, कॅमेरा चालवणारा इंग्रज होता आणि फिल्म धुवायला लंडनला गेली. हे सगळं खरं असलं तरी तोरण्यांना वाऱ्यावर सोडायचं कारण नाही. पुढे त्यांनी पुण्यात सरस्वती सिनेटोन उभा केला. ते एका चित्रपटापुरते आलेले हौशी गृहस्थ नव्हते.

फाळक्यांचं वेगळेपण मला तारखेत दिसत नाही, कामात दिसतं. 1912 च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत काम बघितलं आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. सोबत आणखी एक यंत्र आणलं, भोकं पाडायचं. कारण तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय मिळत असे.

इथे जरा थांबा आणि विचार करा. माझ्या फूटभर तुकड्यात 128 भोकं. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी 3,700 फूट सांगतात. म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं, आणि तीही अंधाऱ्या खोलीत, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. दागिने त्यांनी दिले हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्या बोटांखालून गेलेली ती भोकं कुणी सांगत नाही, आणि ती चुकली असती तर पडद्यावर हरिश्चंद्र धड उभाही राहिला नसता. जनक कोण यावर भांडणाऱ्यांनी या बाईचं नाव घ्यायलाच हवं.

भांडवल मिळावं म्हणून फाळक्यांनी आधी वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपून दाखवली. महिनाभर, थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र. पट्टी दोन चित्रांमध्ये तासन्‌तास थांबवायची, आणि मग दाखवताना रोप भराभर उगवतं. थांबण्याची ताकद त्यांना किती नेमकी कळली होती बघा.

"एवढं सगळं होतं, तर दाखवा ना"

इथे मन खट्टू होतं. सेल्युलॉइडची ती जुनी फिल्म सेल्युलोज नायट्रेटची. बंदुकीत वापरायच्या स्फोटक कापसाची ही जवळची नातेवाईक. एकदा पेटली की स्वतःचा प्राणवायू स्वतः पुरवते, पाण्याखालीही जळते. न जळली तर हळूहळू चिकट होऊन तिची भुकटी होते. कित्येक रिळं त्यातल्या चांदीसाठी विकली गेली. भारतात सुमारे 1,300 मूकपट निघाले असं मानतात. त्यातले मोजून तीसेक काय ते उरलेत, तेही पुष्कळसे तुकड्यांत. 'श्री पुंडलिक' उरलाच नाही. जानेवारी 2003 मध्ये आपल्याच पुण्यात नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागली, त्यात प्रभातच्या चित्रपटांची जुनी रिळंही गेली.

जे उरलं त्यातलं बरंचसं लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे उरलं. ते 1964 मध्ये सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांचे तुकडे मिळवून जपले. 'कालिया मर्दन' आज बघता येतो तो अशा कामामुळे. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं आहे, पण ती 1913 ची की फाळक्यांनीच 1917 मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

चित्रपट कसे करतात हे दाखवणारा फाळक्यांचाच एक छोटा तुकडाही टिकला आहे. तो मी भाचीला लावून दिला. त्यात फाळके स्वतः आहेत, कामात गढलेले, हातात फिल्म. तिने तिथे चित्र थांबवलं आणि खिडकीतला आपला फूटभर तुकडा उचलून पडद्याशेजारी धरला.